१३ विजयांनंतर १० पराभव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. विषय आहे अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील अपयशी हंगाम.

प्रश्न : माझी मुलगी ऑगस्ट २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी टालाहासी येथील फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत दाखल झाली. तिथला फुटबॉल संघ आदल्या वर्षी सलग १३ सामने जिंकला होता आणि देशातील अव्वल संघांत गणला जात होता. ती गेली त्याच वर्षी हा संघ १२ पैकी १० सामने हरला. शनिवारी रात्री जागून आम्ही घरूनही काही सामने पाहिले. एकाच वर्षात एखादा संघ खेळ विसरतो का? खेळाडूंनी मनावर घेतले नाही, असे तिकडचे अनेक लोक म्हणतात. ते खरे मानावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ते खरे मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडे. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. सरकता आले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू कोणाकडे द्यायचा किंवा फेकायचा याचा निर्णय क्वार्टरबॅक घेतो आणि त्याच्यासमोर पाच धिप्पाड खेळाडूंची फळी त्याला दोन-तीन सेकंदांचा अवकाश मिळवून देते. दूरचित्रवाणीवर आपले डोळे चेंडूमागे धावतात, त्यामुळे या पाच जणांकडे कोणाचेच लक्ष जात नाही. परंतु ही फळी फुटली की उत्तम क्वार्टरबॅकही दुबळा दिसू लागतो आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाटच मिळत नाही.

आता आपल्या संघाकडे वळू. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने साखळीतील बाराही सामने आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या आपल्या विद्यापीठ-गटाचा अंतिम सामना जिंकला. मात्र १८ नोव्हेंबर २०२३ रोजी नॉर्थ अलाबामाविरुद्ध खेळताना क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या चार संघांच्या बाद फेरीसाठी निवड करताना समितीने या अपराजित संघाला वगळले. ट्रॅव्हिसची अनुपस्थिती हे त्यामागचे एक कारण होते. त्या निर्णयाने टालाहासी हादरली. ३० डिसेंबरच्या ऑरेंज बाउल या हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यात अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३–३ असा विजय मिळवला. माझ्या मते २०२४ च्या हंगामाची सुरुवात त्याच रात्री झाली होती, कारण त्या दिवशी मैदानात उरलेला संघ हाच पुढच्या वर्षीच्या संघाचा गाभा होता आणि तो किती विरळ आहे हे गुणफलकावर दिसत होते.

एप्रिल २०२४ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत फ्लोरिडा स्टेटच्या दहा खेळाडूंना संघ मिळाले. जॅरेड व्हर्स पहिल्या फेरीत, कीऑन कोलमन आणि ब्रेडेन फिस्क दुसऱ्या फेरीत, ट्रे बेन्सन तिसऱ्या फेरीत निवडले गेले. पाचव्या फेरीत ट्रॅव्हिसलाही स्थान मिळाले. एका हंगामात इतके खेळाडू गमावल्यावर कोणताही संघ थोडा खाली येतोच. पण १३ विजयांवरून दोनवर घसरण्यासाठी आणखी काही घडावे लागते, आणि ते समजण्यासाठी हे खेळाडू मुळात आले कोठून हे पाहावे लागेल.

व्हर्स ऑल्बनीहून आला होता, फिस्क वेस्टर्न मिशिगनहून, कोलमन मिशिगन स्टेटहून, बेन्सन ऑरेगनहून. म्हणजे २०२३ चा अपराजित संघ मोठ्या प्रमाणात इतर विद्यापीठांतून आलेल्या, तयार खेळाडूंवर उभा होता. अशा स्थलांतरासाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाची नोंदणी व्यवस्था २०१८ मध्ये सुरू झाली. २०२१ पर्यंत विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉल खेळाडूला सामान्यतः एक वर्ष बाहेर बसावे लागे; त्या वर्षी ती अट एका बदलापुरती शिथिल झाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावण्याची परवानगी मिळाली, ही आणखी एक मोठी उलथापालथ. मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल यांनी या नव्या व्यवस्थेचा उपयोग इतरांपेक्षा लवकर आणि अधिक कौशल्याने केला. २०२१ मध्ये ५–७ (पाच विजय, सात पराभव), २०२२ मध्ये १०–३, २०२३ मध्ये १३–१ हा चढता आलेख त्याचेच फळ होते.

मात्र या वाटेने येणारा खेळाडू बहुधा एक-दोन वर्षेच राहतो. तो तयार असतो, पण त्याच्या मागे त्याच संघात तीन वर्षे घडलेला, त्याचीच जागा घेण्याची वाट पाहणारा दुसरा खेळाडू उभा नसतो. प्रत्येक हिवाळ्यात संघ जवळजवळ नव्याने निवडावा लागतो आणि निवड एक वर्ष जरी चुकली तरी खाली आधाराला काही उरत नाही. २०२४ साठीही फ्लोरिडा स्टेटने पोर्टलमधून बरेच खेळाडू आणले. क्वार्टरबॅक डी. जे. उइआगालेलेई आधी क्लेम्सनमध्ये आणि नंतर ऑरेगन स्टेटमध्ये खेळून आलेला होता. पण यावेळी आलेले खेळाडू गेलेल्यांच्या तोडीचे ठरले नाहीत. त्यातच समोरची फळी दुखापतींमुळे वारंवार बदलावी लागली. पाच जणांनी एकमेकांच्या हालचाली न पाहता ओळखाव्यात अशी ही जागा आहे आणि तेथे दर आठवड्याला नवे चेहरे उभे राहत होते.

हंगामाचे आकडे हेच सांगतात. क्रीडापत्रकारांच्या हंगामपूर्व क्रमवारीत दहाव्या स्थानावर असलेला हा संघ २४ ऑगस्ट रोजी डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून अगदी शेवटच्या किकवर २१–२४ असा हरला. नंतर बोस्टन कॉलेज आणि मेम्फिस यांच्याकडून घरच्या मैदानावर पराभव झाले. कॅलिफोर्नियाविरुद्ध १४–९ असा विजय मिळाला आणि त्यापुढे सलग सहा पराभव झाले. त्यांपैकी पहिल्याच, म्हणजे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात उइआगालेलेईच्या हाताला दुखापत झाली आणि त्याच्या जागी अननुभवी, कोवळे क्वार्टरबॅक उतरवावे लागले. डूक विद्यापीठाने फ्लोरिडा स्टेटला इतिहासात प्रथमच हरवले ते याच काळात. नोव्हेंबरमध्ये नोत्र दामने ५२–३ असा धुव्वा उडवला. बाराही सामन्यांत मिळून संघाने १८५ गुण केले, म्हणजे सरासरी १५ च्या थोडे वर. आणि चार्ल्स्टन सदर्न या खालच्या श्रेणीतील संघाविरुद्धचे ४१ गुण वगळले, तर एकाही सामन्यात संघाला २१ च्या पुढे जाता आले नाही.

आता खेळाडूंच्या वृत्तीविषयी. पहिल्या सहा पराभवांपैकी जॉर्जिया टेकविरुद्धचा तीन गुणांनी, मेम्फिसविरुद्धचा आठ गुणांनी आणि डूकविरुद्धचा सात गुणांनी झाला. ज्यांनी मनावर घेतलेले नाही अशी मुले इतक्या जवळ येऊन हरत नाहीत. बचावफळीला तर दर सामन्यात प्रमाणाबाहेर वेळ मैदानात उभे राहावे लागत होते, कारण आक्रमणाला चेंडू राखताच येत नव्हता. चौथ्या सत्रात ती दमलेली दिसे, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. त्या १० पराभवांची मांडणी जानेवारी ते मे या काळात, खेळाडू निवडणाऱ्या कार्यालयात झाली होती. मैदानावरच्या १९-२० वर्षांच्या मुलांनी ती फक्त भोगली.

प्रश्न : इतके होऊनही मुख्य प्रशिक्षकाला काढले कसे नाही? आपल्याकडे तर चार सामने हरताच प्रशिक्षक बदलतात. — एक वाचक, पुणे

उत्तर : मुख्य कारण करार. २०२३ च्या यशानंतर, जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाचे निक सेबन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेसाठी नॉर्व्हेल यांचे नाव चर्चेत आले. फ्लोरिडा स्टेटने त्यांना रोखण्यासाठी आठ वर्षांचा, वर्षाला सरासरी १ कोटी डॉलरपेक्षा अधिक मानधनाचा करार केला. पुढच्याच हिवाळ्यात त्यांना कारणाशिवाय दूर केले असते तर विद्यापीठाला ६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली असती. म्हणून कुऱ्हाड सहायकांवर पडली. नोत्र दामच्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी आक्रमणाचे आणि बचावाचे प्रमुख प्रशिक्षक तसेच रिसीव्हरांचे, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचे, प्रशिक्षक यांना काढण्यात आले. नॉर्व्हेल यांनी आपल्या २०२५ च्या मानधनातील ४५ लाख डॉलर विद्यापीठाच्या क्रीडा निधीकडे वळवले. ही गोष्ट मला त्यांच्या बाजूने सांगावीशी वाटते, कारण असे करण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते. २०२५ ची सुरुवात अलाबामाला ३१–१७ असे हरवून झाली, तरी तो हंगामही अखेर ५–७ असा संपला आणि बाउल सामन्यासाठी लागणारे सहा विजय मिळाले नाहीत.

यशाच्या शिखरावर दीर्घ करार करणे ही तिथल्या व्यवस्थेची मोठी खोड आहे. जानेवारीत जो प्रशिक्षक हातचा जाईल अशी भीती वाटते, त्यालाच डिसेंबरपर्यंत कसे घालवावे याचा हिशेब सुरू होतो. दोन्ही वेळा पैसा क्रीडा विभागाचा असतो, आणि त्या विभागाच्या उत्पन्नात विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येणारा एक हिस्सा असतो, हे विसरू नये.

प्रश्न : (नाशिकच्या त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न) मुलगी आता पदवीच्या विद्यार्थ्यांच्या एका वर्गाला साहाय्यक म्हणून शिकवते. वर्गात संघातील काही मुलेही आहेत. शनिवारी मोठा पराभव झाला की सोमवारी त्यांच्याशी कसे वागावे, हे तिला कळत नाही. सांत्वन करावे की विषयच काढू नये?

उत्तर : त्या मुलांचा आठवडा कसा असतो हे समजले की उत्तर बरेचसे आपोआप मिळते. शनिवारी सामना होतो. रविवारी दुखापतींची तपासणी होते आणि त्याच सामन्याची ध्वनिचित्रफीत प्रत्येक चुकीवर थांबून पाहिली जाते. म्हणजे सोमवारी वर्गात येईपर्यंत त्या मुलाने आपला पराभव प्रशिक्षकासमोर आणि सहकाऱ्यांसमोर पुन्हा एकदा भोगलेला असतो. शिवाय हातातल्या फोनवर अनोळखी माणसे त्याला काय लिहितात याचा अंदाज तुम्हाला असेलच. आता खेळाडूंना पैसे मिळतात म्हणून त्यांना वाटेल ते बोलण्याचा हक्कच मिळाला आहे, अशी अनेकांची समजूत झाली आहे. ही समजूत मला फार क्रूर वाटते. ज्याच्या नावाचा मोठा करार झालेला आहे असा खेळाडू संघात एखादाच असतो आणि शिव्या मात्र शंभर जणांना बसतात.

तेव्हा वर्ग ही अशी एकच जागा आहे जिथे त्या मुलाची ओळख शनिवारच्या गुणांवर अवलंबून नाही, आणि आपल्या कन्येने ती तशीच जपावी. तिने सामन्याचा विषय स्वतःहून काढू नये. त्याने काढला तर दोन वाक्ये ऐकून घ्यावीत. गृहपाठाची मुदत, उपस्थिती, गुण यांत सवलतही नको आणि जाच तर मुळीच नको; दौऱ्यामुळे बुडालेल्या तासांचे नियम विद्यापीठाने ठरवलेले असतात, तेवढे काटेकोरपणे पाळावेत. एखादा मुलगा सलग काही तास आलाच नाही, किंवा नेहमी बोलणारा मुलगा एकदम गप्प झाला, तर खेळाडूंसाठी नेमलेल्या शैक्षणिक सल्लागाराला ताबडतोब कळवावे. असे सल्लागार प्रत्येक मोठ्या विद्यापीठात असतात आणि वर्गातून आलेली सूचना त्यांना फार उपयोगी पडते, कारण मैदानावर ही मुले आपली अवस्था लपवायला शिकलेली असतात.

आणखी एक सूचना करतो. हंगाम संपल्यावर, जानेवारीच्या सुरुवातीला यांतील काही मुले पोर्टलमध्ये नाव नोंदवून विद्यापीठ सोडण्याच्या विचारात असतील. कोणी तिच्याकडे सल्ला मागितला, तर तिने फुटबॉलविषयी काही बोलू नये. आतापर्यंतचे श्रेयांक नव्या ठिकाणी किती धरले जातील एवढे लेखी विचारून घे, असे सांगावे. विद्यापीठ बदलताना श्रेयांक वाया जाऊन पदवी लांबणे हा खरा धोका असतो आणि त्या धावपळीत मुलांना त्याची आठवण करून देणारे फार थोडे असतात.

प्रश्न : मी एका शाळेत शिक्षक असून फुटबॉल संघाचे काम पाहतो. आमचा फुटबॉल अर्थात पायाने खेळायचा. युरोपातील लीगमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात. अमेरिकेत वर्षानुवर्षे हरणारे महाविद्यालयीन संघ त्याच श्रेणीत कसे राहतात? आणि ते टिकतात कसे? माझा संघही दोन वर्षे हरतो आहे, म्हणून विचारतो. — एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : तेथे श्रेणीबदलाची पद्धत नाही. विद्यापीठे आपसांत करार करून कॉन्फरन्स स्थापन करतात आणि दूरचित्रवाणीचे पैसे त्या कॉन्फरन्सकडून वाटले जातात. शेवटचा आलेला संघ तिथेच राहतो. पैसाही बहुतांशी तेवढाच मिळतो. शिवाय बाकीचे प्रतिस्पर्धी संघ स्वतः निवडतात. मोठी विद्यापीठे छोट्या संघांना मोबदला देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. तो संघ बहुधा हरतो, पण त्या पैशावर त्याचा क्रीडा विभाग चालतो.

दीर्घ पराभवांची तीन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. सर्वांत मोठे टेक्ससमधील प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाचे. १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रशिक्षक बिली निक्स यांच्या संघाने कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवले होते. पुढे दक्षिणेतील गोऱ्यांच्या विद्यापीठांनी आपली दारे उघडली आणि उत्तम कृष्णवर्णीय खेळाडू तिकडे जाऊ लागले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने जे घडले ते योग्यच होते, पण त्याची किंमत या छोट्या संस्थांनी मोजली आणि ती कोणी भरून दिली नाही. पैशाअभावी १९९० चा हंगाम रद्द करावा लागला. १९९१ मध्ये संघ परतला तो क्रीडा शिष्यवृत्तींविना, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संघांशीच खेळत राहिला. १९८९ पासून सलग ८० पराभव झाले. अखेर २६ सप्टेंबर १९९८ रोजी लँगस्टनविरुद्ध १४–१२ असा विजय मिळाला. २००९ मध्ये याच विद्यापीठाने आपल्या कॉन्फरन्सचे अजिंक्यपदही जिंकले.

न्यूयॉर्कच्या कोलंबियाने १९८३ ते १९८८ या काळात सलग ४४ सामने गमावले. कोलंबियाच्या आयव्ही लीग या कॉन्फरन्समध्ये क्रीडा शिष्यवृत्ती कोणीच देत नाही, तेव्हा ती सबब कोलंबियाला नव्हती. पण मैदान विद्यापीठापासून दूर, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला असल्याने रोजचा सराव म्हणजे बसचा प्रवास होता. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी प्रिन्स्टनला १६–१३ असे हरवून ती मालिका संपली. तिसरे उदाहरण नॉर्थवेस्टर्नचे. अवाढव्य सरकारी विद्यापीठांच्या बिग टेन या कॉन्फरन्समध्ये हे एक छोटे खासगी विद्यापीठ. १९७९ ते १९८२ मध्ये तेथे सलग ३४ पराभव झाले. पुढे गॅरी बार्नेट यांच्या प्रशिक्षणाखाली १९९५ मध्ये त्यांनी बिग टेन जिंकली आणि १ जानेवारी १९९६ रोजी ते रोझ बाउलमध्ये खेळले.

फ्लोरिडा स्टेटच्याच इतिहासात १९७३ ते १९७५ या तीन हंगामांत ३३ सामन्यांपैकी फक्त चार विजय आहेत. १९७६ मध्ये आलेले बॉबी बाउडन तेथे २००९ पर्यंत राहिले आणि त्यांनी दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यांचाही पहिला हंगाम ५–६ असा होता. आजच्या घाईत त्यांना दुसरा मिळाला असता की नाही, याची मला शंका आहे.

आपल्या संघाबाबत या सर्वांतून मला एक व्यवहार्य गोष्ट दिसते. प्रेअरी व्ह्यूची मुले वाईट नव्हती. त्यांना ज्यांच्यासमोर उभे केले गेले तो सामनाच बरोबरीचा नव्हता. आपल्या स्पर्धांचे गट आपण ठरवू शकत नाही, पण मैत्रीपूर्ण सामने ठरवू शकता. कोल्हापुरात शाळांची आणि तालमींच्या कुमार खेळाडूंची कमतरता नाही. तेव्हा पुढच्या हंगामापूर्वी तुमच्याच ताकदीच्या तीन-चार संघांशी सामने घ्या, त्यांत राखीव मुलांना पूर्ण अर्धा वेळ खेळवा आणि नववीतल्या मुलांपैकी पुढच्या वर्षी कोण कोणत्या जागी खेळेल हे आत्ताच ठरवून त्या जागेचा सराव सुरू करा. दहावीची मुले फेब्रुवारीत परीक्षेकडे वळली की त्यांच्या जागा रिकाम्या होणारच आहेत, आणि त्या भरण्याचे काम जूनवर टाकले तर तिसरे वर्षही तसेच जाईल.